मालकाने तोंडी कबूल केलेली पगारवाढ कायद्याने मागता येते का?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण भोसरीतील एका खासगी कारखान्यात हिशेबनीस आहात. मागील डिसेंबरात आपल्याला दुसऱ्या कंपनीकडून जास्त पगाराची ऑफर आली. आपण राजीनाम्याचा विषय काढताच मालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितले की, "तुम्ही कुठे जाऊ नका, एप्रिलपासून महिन्याला पाच हजार वाढवून देतो, आणि स्टोअरचा हिशेबही आता तुम्हीच बघा." त्या वेळी प्रॉडक्शन मॅनेजर तेथे हजर होते. आपण ती ऑफर नाकारली आणि जानेवारीपासून स्टोअरचे काम सांभाळत आहात, परंतु सप्टेंबर उजाडला तरी सॅलरी स्लिपवरचा आकडा जुनाच आहे. मालक कधी "पुढच्या महिन्यात करतो" म्हणतात, कधी मार्केट थंड असल्याचे सांगतात, आणि एचआर विभाग "लेखी काही आहे का?" एवढेच विचारतो.

लेखी नाही, एवढ्याच कारणाने मालकांचा शब्द कायद्याच्या दृष्टीने निरर्थक ठरत नाही. आपण सांगितलेली हकीकत जशीच्या तशी सिद्ध झाली, तर माझ्या मते ती पगारवाढ हे आपले कायदेशीर येणे आहे. ती सिद्ध कशी करायची आणि किती दिवसांत मागायची, हे दोन प्रश्न मात्र जास्त अवघड आहेत, म्हणून उत्तराचा मोठा भाग मी त्यांनाच देत आहे.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १० नुसार सज्ञान व सक्षम व्यक्तींनी राजीखुशीने, कायदेशीर उद्देशाने आणि कायदेशीर प्रतिफलासाठी (म्हणजे वचनाच्या बदल्यात मिळणाऱ्या मोबदल्यासाठी) केलेला समझोता हा करार असतो. तो कागदावरच असला पाहिजे अशी सर्वसाधारण अट या कायद्यात नाही. ज्या व्यवहारांना लेखी स्वरूप किंवा नोंदणी आवश्यक आहे, त्यांच्यासाठी कायद्याने तशी वेगळी तरतूद केलेली असते, आणि खासगी नोकरीतील पगारवाढ त्यात येत नाही. वेतन संहिता, २०१९ मध्ये वेतनाची जी व्याख्या आहे तीही नोकरीच्या "व्यक्त किंवा गर्भित" (म्हणजे स्पष्ट सांगितलेल्या किंवा न सांगता अभिप्रेत असलेल्या) अटींप्रमाणे देय होणाऱ्या मोबदल्याची आहे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमातही हीच शब्दयोजना होती. म्हणजे कागदावर नसलेली, पण खरोखर ठरलेली अट वेतन ठरवताना विचारात घ्यावी लागते, हे कायद्याने बऱ्याच आधीपासून गृहीत धरलेले आहे.

तरीही मालकाचे प्रत्येक आश्वासन करार होत नाही. करार अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे ज्या समझोत्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो शून्य ठरतो, म्हणजे कायद्याने त्याची अंमलबजावणी मागता येत नाही. "तुमचं बघतो", "दिवाळीनंतर काहीतरी करून टाकू", "कंपनीला बरे दिवस आले की तुम्हालाही विसरणार नाही" अशा वाक्यांत रक्कम नाही, तारीख नाही आणि ती ठरवण्याची पद्धतही नाही, त्यामुळे ती कितीही मनापासून उच्चारली असली तरी न्यायालयाला त्यातून आकडा काढता येत नाही. आपल्याला सांगितलेल्या वाक्यात पाच हजार ही रक्कम आहे, "महिन्याला" हे माप आहे आणि "एप्रिलपासून" ही सुरुवात आहे. आकडा सांगितला नसता, पण "प्रॉडक्शन मॅनेजरइतका पगार करतो" असे म्हटले असते, तरी ते निश्चित करता येण्यासारखे असल्याने चालले असते.

दुसरी कसोटी प्रतिफलाची आहे. एका बाजूने काही दिले, केले किंवा सोडले, आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्या बाजूने वचन दिले, असा संबंध दिसावा लागतो. कलम २५ प्रमाणे प्रतिफलाशिवाय दिलेले वचन काही अपवाद सोडल्यास शून्य असते. कलम २ (घ) मधील व्याख्येत मात्र वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून एखादी गोष्ट करणे जसे येते, तसेच एखादी गोष्ट न करणेही येते. यात "वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून" हे शब्द निर्णायक आहेत. १८८० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे आलेल्या दुर्गाप्रसाद विरुद्ध बलदेव या खटल्यात बाजारातील दुकाने कलेक्टरच्या सांगण्यावरून बांधली गेली होती आणि दुकानदारांनी नंतर त्याबद्दल कमिशन देण्याचे कबूल केले होते. दुकानदारांच्या इच्छेवरून काही झाले नव्हते, म्हणून त्यांचे वचन बांधील ठरले नाही. याउलट १८८६ च्या केदारनाथ भट्टाचारजी विरुद्ध गोरी महोमेद या कलकत्त्याच्या खटल्यात हावड्याच्या टाऊन हॉलसाठी एका गृहस्थांनी १०० रुपये वर्गणी देण्याचे मान्य केले होते. अशा वर्गण्यांच्या भरवशावर कंत्राटदाराला काम दिले गेले, आणि तेवढ्यावरून ते गृहस्थ रकमेला बांधील ठरले.

आपल्या बाबतीत मालकांच्या सांगण्यावरून दोन गोष्टी घडल्या. आपण हातातील ऑफर सोडली आणि स्टोअरच्या हिशेबाचे जादा काम अंगावर घेतले. यातील प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे प्रतिफल म्हणून पुरेशी आहे. हेच वाक्य मालकांनी वार्षिक स्नेहसंमेलनात खुशीत येऊन सर्वांपुढे उच्चारले असते, कोणाकडून काही मागितले नसते आणि आपण तेच काम पूर्ववत करत राहिला असता, तर मी आपल्याला इतके ठामपणे सांगितले नसते. नोटीस देऊन नोकरी सोडण्याचा हक्क असूनही त्या वचनामुळे कर्मचारी थांबला, असा युक्तिवाद तेव्हाही करता येतो, पण त्याला बळकटी देणारा ठोस पुरावा लागतो. म्हणून ती दुसरी ऑफर आलेला ईमेल आणि आपण नकार कळवलेला ईमेल हे दोन्ही आजच जपून ठेवावेत. आपल्या प्रकरणात त्यांचे मोल सर्वांत जास्त आहे असे मला वाटते.

शब्द कोणी दिला, हेही पाहिले जाते. मालकी हक्काची पेढी असेल तर मालक स्वतःच बांधला जातो, आणि भागीदारी पेढीत धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारापुरता प्रत्येक भागीदार पेढीला बांधू शकतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत कारभार पाहणाऱ्या संचालकाने शब्द दिला असेल, तर त्याला पगार ठरवण्याचा अधिकार आहे असे कर्मचाऱ्याने मानणे वाजवी ठरते. टीम लीडरने किंवा सुपरवायझरने "मी तुमची पाच हजारांची वाढ करून घेतो" असे सांगितले असेल, तर बहुधा ते शिफारस करण्याचे आश्वासन असते आणि त्याने कंपनी बांधली जात नाही. करार अधिनियमाच्या कलम २३७ नुसार मात्र त्या व्यक्तीला अधिकार आहे असा समज कंपनीनेच आपल्या वागण्यातून निर्माण केला असेल, उदाहरणार्थ यापूर्वीच्या सर्व वाढी तिच्या तोंडी सांगण्यावरूनच लागू झाल्या असतील, तर कंपनीला नंतर अंग काढून घेता येत नाही.

आता आपले नेमणूकपत्र काढून वाचा, कारण मालकांचे वकील पहिला आक्षेप तेथूनच घेतील. त्यांचे म्हणणे असे असेल की पगार लेखी ठरलेला आहे आणि लेखी कराराविरुद्ध तोंडी पुरावा देता येत नाही. हा नियम पूर्वी १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ९१ आणि ९२ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ९४ आणि ९५ मध्ये आहे. परंतु त्याच कलम ९५ ला अपवाद आहेत. लेखी करार झाल्यानंतर त्यात बदल करणारा वेगळा तोंडी करार झाला असेल तर तो सिद्ध करता येतो, मात्र मूळ करार कायद्याने लेखीच असायला हवा असा किंवा नोंदणीकृत असता कामा नये. आपले नेमणूकपत्र काही वर्षांपूर्वीचे आहे आणि वाढीचे बोलणे नंतरचे आहे, त्यामुळे हा अपवाद आपल्या उपयोगाचा आहे. येथे एक शंका उपस्थित होईल. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० प्रमाणे ती लागू असलेल्या आस्थापनेत प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे आता मालकावर बंधनकारक आहे, मग नोकरीचा करारच लेखी असला पाहिजे असा याचा अर्थ होत नाही का? माझ्या मते होत नाही. ते मालकावर टाकलेले कर्तव्य आहे, आणि ते न पाळल्याचा लाभ मालकालाच देणे त्या तरतुदीच्या हेतूविरुद्ध जाईल.

नेमणूकपत्रात "या अटींतील कोणताही बदल लेखी असल्याशिवाय ग्राह्य धरला जाणार नाही" असे कलम असेल, तर आपली बाजू बरीच कमकुवत होते हे मी लपवणार नाही. तरीही ती संपत नाही. कंपनीने याआधी आपला किंवा इतरांचा पगार कोणतेही पत्र न देता वाढवला असेल, तर कंपनीने स्वतःच ते कलम व्यवहारात बाजूला ठेवले होते असे जुन्या सॅलरी स्लिपांवरून आणि बँकेच्या पासबुकावरून दाखवता येते. "वार्षिक वाढ व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार" अशी ओळ बहुतेक नेमणूकपत्रांत असते आणि तिला पाहून कर्मचारी खचतात. ती ओळ एप्रिलच्या नेहमीच्या इन्क्रिमेंटला लागू आहे. व्यवस्थापनाने आपली मर्जी वापरून एकदा निश्चित रक्कम कबूल केली आणि त्या बदल्यात आपल्याकडून काही घेतले, की त्यानंतर मर्जीचा प्रश्न उरत नाही.

पुराव्याचा भार आपल्यावर आहे. वेतन संहितेच्या कलम ५९ प्रमाणे वेतन दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची असली, तरी मुळात वाढ ठरली होती हे आपल्यालाच दाखवावे लागेल. दिवाणी प्रकरणात संशयातीत पुरावा लागत नाही. कोणाची हकीकत जास्त संभवनीय आहे, एवढे पाहिले जाते. अशा प्रकरणांत न्यायाधीश केबिनमधील त्या वाक्यापेक्षा त्यानंतर दोन्ही बाजू कशा वागल्या याकडे जास्त बारकाईने पाहतात, असा माझा अनुभव आहे. जानेवारीपासूनच्या स्टॉक रजिस्टरवर आपली सही आहे का, स्टोअरच्या खरेदीचे ईमेल आपल्या नावाने येतात का, आधी ते काम पाहणाऱ्या व्यक्तीला दुसरीकडे हलवले का, या गोष्टींवरून "काम वाढले, मग पगार का वाढला नाही?" हा प्रश्न आपोआप उभा राहतो. प्रॉडक्शन मॅनेजर साक्षीदार आहेत खरे, पण ते अजून त्याच मालकाकडे नोकरीला आहेत आणि पिंजऱ्यात उभे राहून काय सांगतील याची खात्री देता येत नाही, म्हणून केवळ त्यांच्या भरवशावर दावा उभारू नये.

त्याऐवजी कागद आता तयार करावा. त्यासाठी वकिलाची नोटीस लगेच लागत नाही. मालकांना साध्या, आदराच्या भाषेत एक ईमेल पाठवा: "साहेब, मागील डिसेंबरात आपण प्रॉडक्शन मॅनेजर यांच्या उपस्थितीत एप्रिलपासून माझ्या पगारात दरमहा ५,००० रुपये वाढ करण्याचे आणि स्टोअरचा हिशेब माझ्याकडे देण्याचे ठरवले होते. त्यानुसार मी दुसरी ऑफर नाकारली व जानेवारीपासून ते काम पाहत आहे. एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांचा २५,००० रुपयांचा फरक अद्याप मिळालेला नाही. तो कधी मिळेल ते कृपया कळवावे." या मजकुरात तक्रार नाही, धमकी नाही, पण करारासाठी लागणारी प्रत्येक गोष्ट आहे. "हो, पण थोडे थांबा" असे उत्तर आले तर लेखी कबुली हाती येते. "असे काही ठरलेच नव्हते" असे आले तर वाद नेमका कशावर आहे ते कळते. काहीच उत्तर आले नाही, तर त्या मौनावरून न्यायालय प्रतिकूल अनुमान काढू शकते. असा ईमेल मूळ बोलण्याच्या दिवशीच गेला असता तर त्याचे वजन कितीतरी जास्त झाले असते, परंतु आज गेलेला ईमेलही न गेलेल्या ईमेलपेक्षा पुष्कळ बरा.

व्हॉट्सअॅपवरील संदेश आणि फोनवरील रेकॉर्डिंग यांबद्दलही आपण विचारले आहे. स्वतः ज्यात सहभागी आहोत अशा संभाषणाचे रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालू शकते. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईतील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संभाषण विषयाशी संबंधित असणे, आवाजाची ओळख पटणे आणि टेपमध्ये फेरफार झालेला नसणे या कसोट्या सांगितल्या, आणि आजही त्याच पाहिल्या जातात. अडचण बहुधा तांत्रिक बाजूने येते. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि नव्या कायद्यात ते दोन भागांत असून त्यात हॅश मूल्य (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे पडताळण्याचा सांकेतिक आकडा) नोंदवावे लागते. जालन्यातील निवडणुकीच्या वादातून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखालचे असे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सांगितले. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही, असेही त्याच निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, ज्या फोनमध्ये मूळ संदेश आहेत तो फोन विकू नका, आणि "डिसअपिअरिंग मेसेजेस" चालू असेल तर ते आत्ताच बंद करा.

आता मुदतीचा मुद्दा, ज्यावर मला सर्वांत जास्त काळजी वाटते. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे पगाराच्या थकबाकीचा दावा पगार देय झाल्यापासून ३ वर्षांत करावा लागतो, आणि थकीत वेतनासाठी वेतन संहितेच्या कलम ४५ खाली प्राधिकरणाकडे करायच्या अर्जालाही ३ वर्षांचीच मुदत आहे. प्रत्येक महिन्याचा फरक स्वतंत्रपणे देय होतो, त्यामुळे उशीर केल्यास सर्वांत जुने महिने एकेक करून हातचे जातात. "देतो, देतो" हे मालकांचे दर महिन्याचे शब्द ही मुदत वाढवत नाहीत. मुदत नव्याने सुरू व्हायची तर मुदत अधिनियमाच्या कलम १८ नुसार मुदत संपण्यापूर्वी दिलेली लेखी आणि सहीची कबुली लागते, आणि मुदतबाह्य झालेले देणे फेडण्याचे वचनसुद्धा करार अधिनियमाच्या कलम २५ (३) प्रमाणे लेखी व सहीचे असावे लागते. म्हणजे पगारवाढीचे मूळ वचन तोंडी चालते, पण ते लांबवण्यासाठी दिलेले तोंडी वचन आपल्याला कोणतेही संरक्षण देत नाही. मालकांवरच्या विश्वासापोटी वर्षानुवर्षे थांबलेली प्रामाणिक माणसे नेमकी येथेच आपला हक्क गमावतात.

दाद कोठे मागायची, याचे उत्तर २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता (वेतन संहिता त्यांपैकीच एक) अमलात आल्यानंतर काहीसे सोपे झाले आहे. वेतन प्रदान अधिनियमाला महिना २४,००० रुपयांची पगारमर्यादा होती. वेतन संहितेत "कर्मचारी" या व्याख्येत पर्यवेक्षक आणि व्यवस्थापकीय पदांवरील माणसेही येतात. कलम ४५ खालील प्राधिकरण थकलेली रक्कम आणि शिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देववू शकते. मात्र अर्जाची मांडणी जपून करावी लागते. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या प्रकरणातील ए. व्ही. डिकॉस्टा विरुद्ध बी. सी. पटेल या १९५५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याबाबत असा फरक केला की, करारानुसार प्रत्यक्ष किती वेतन देय आहे हे प्राधिकरण ठरवू शकते, पण कर्मचारी वरच्या श्रेणीत असता तर किती मिळाले असते हे ठरवू शकत नाही. या विचाराला धरून आपल्या अर्जात "माझे काम वाढले असल्याने मला जास्त पगार मिळावा" असे लिहू नये. "एप्रिलपासून ५,००० रुपये वाढ ठरलेली आहे आणि ती देय असूनही दिलेली नाही" असे लिहावे. पहिले म्हणणे नवा हक्क मागणारे आहे, दुसरे ठरलेले येणे वसूल करणारे आहे.

दिवाणी न्यायालयात जायचे म्हटले, तरी लेखी करार नसल्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालील संक्षिप्त दावा करता येणार नाही. साक्षी-पुराव्यांसह नेहमीचा दावा चालवावा लागेल, आणि पंचवीस-तीस हजारांच्या रकमेसाठी तो खर्च व वेळ परवडेल का याचा विचार आपणच करावा. पोलीस तक्रारीचा सल्ला मी देणार नाही. वचन मोडणे म्हणजे आपोआप फसवणूक नव्हे. वचन देतानाच ते न पाळण्याचा इरादा होता हे दाखवावे लागते, असे हृदयरंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या २००० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, आणि आपल्या हकिकतीत तसे काही दिसत नाही.

हे सर्व खासगी नोकरीबद्दल आहे. सरकारी सेवेतील पगार नियमांनी ठरतो. रोशनलाल टंडन विरुद्ध भारत सरकार या १९६७ च्या निकालापासून सरकारी नोकरी ही करारापेक्षा दर्जाची बाब मानली जाते, त्यामुळे तेथे एखाद्या अधिकाऱ्याने तोंडी कबूल केलेल्या वाढीवर हक्क सांगता येत नाही.

आपण नोकरीत टिकून राहू इच्छिता असे आपल्या लिहिण्यावरून दिसते, म्हणून आधी वर दिलेला ईमेल पाठवावा, पंधरा दिवस वाट पाहावी, मग स्मरणपत्र द्यावे आणि त्यानंतरच वकिलामार्फत नोटीस द्यावी, असा क्रम मी सुचवतो. मालक तडजोडीला आले आणि वाढ ऑक्टोबरपासून देऊ पण मागचा फरक सोडा म्हणाले, तर ते स्वीकारायचे की नाही हा आपला निर्णय आहे, परंतु जे ठरेल त्याचे पत्र त्याच दिवशी घ्यावे. आणि नोकरी सोडण्याची वेळ आलीच, तर फुल अँड फायनलच्या (अखेरच्या हिशेबाच्या) पावतीवर "माझी कंपनीकडे कोणतीही मागणी शिल्लक नाही" असे छापलेले असते, ते वाचल्याशिवाय सही करू नये. राजीनाम्यानंतर दोन कामकाजी दिवसांत वेतन देण्याचे बंधन वेतन संहितेच्या कलम १७ ने मालकावर घातलेले आहे, त्यामुळे ते पैसे अडकतील या भीतीने हक्क सोडण्याचे कारण नाही. सहीच्या वर स्वतःच्या हाताने "एप्रिलपासूनच्या पगारवाढीच्या फरकाची मागणी राखून ठेवून रक्कम स्वीकारली" असे लिहावे, तारीख घालावी आणि त्या पावतीचा फोटो काढून मगच ती परत द्यावी.